काळ्या मोज्यातली बाटली

आमच्या मालकांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि घरातलं आरशाचं कपाट दारूने भरून ठेवलं. लोकांची घरं पिण्यापायी बसतात. आमच्या घरात न पिण्यापायी जागा उरली नाही. माझी लुगडी पत्र्याच्या पेटीत, आणि बाटल्या सागवानी कपाटात. एकदा मी म्हटलं, "मला तरी त्यात एखादा खण द्या." तर म्हणाले, "तुझ्यावर लेबल कुठंय?"

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही. पण त्या लेबलांवर काय काय लिहिलेलं असतं ते इतक्यांदा ऐकलंय की हरिपाठ विसरेन, ते विसरणार नाही.

आम्ही पंचवटी ओलांडून मखमलाबादच्या अंगाला राहतो. चहूकडे द्राक्षाच्या बागा. मालकांचा धंदा दलालीचा. व्यापाऱ्याने बाग घ्यायच्या आधी यांना बोलवायचं. हे टोपी सारखी करून बागेत शिरायचे, चार कोपऱ्यांतल्या आणि मधल्या वेलींखाली वाकून घड बघायचे, एखादा घड तळहातावर धरून बघायचे, वाळलेल्या वेली वजा करायचे, आणि बांधावर येऊन किती माल निघेल ते सांगायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. माल काट्यावर गेला की फरक निघायचाच, पण कोणी भांडावं एवढा नाही. त्यांचं शेतकरीही ऐकायचा आणि व्यापारीही. असा माणूस गावात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत होती.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत नोकरीला लागला. ज्या भागात तो गेला तिथे मक्याची दारू करतात. तिला बोर्बन म्हणतात. मी म्हटलं, "आमच्याकडे मका गुरांना घालतात." भाचा म्हणाला, "मामी, ही साधी नाही. ही एकाच पिंपातली आहे."

मग त्याने समजावलं. इतर दारू पुष्कळ पिंपांतली एकत्र करून भरतात, म्हणजे चव दरवर्षी सारखी राहते. पण काही पिंपं उतरतात अशी की कारखानदार म्हणतो, यात दुसरं काही मिसळायचं नाही. त्या एका पिंपातून जेवढ्या बाटल्या निघतील तेवढ्याच. संपल्या की संपल्या, तसलं पुन्हा होणे नाही. प्रत्येक बाटलीवर हाताने लिहिलेलं: पिंपाचा नंबर, गोदामाचा मजला, पिंप रिकामं केल्याची तारीख, आणि ही कितवी बाटली.

मालक बाटली उलटीपालटी करून बघत होते. म्हणाले, "म्हणजे ही एका बागेचा माल हाय. बाकीच्या म्हंजे पाच बागांचा माल एका पेटीत भरल्यावानी."

"बरोबर मामा."

"आन् याला गट नंबर बी हाय."

तिथेच घोटाळा झाला. भाच्याने मामांना खूश करायला एक बाटली आणली होती. मामांनी ती फोडलीच नाही. त्यांनी तिच्यात बाग बघितली. त्या पिंपातून किती बाटल्या निघाल्या असतील, आणि त्यातल्या जगात किती न फोडलेल्या उरल्या असतील, याचा अंदाज सुरू झाला. पुढच्या वेळी भाच्याने दुसरी आणली. मग तिसरी. प्रत्येक बाटली तो लोकरीच्या लांब मोज्यात घालून, कपड्यांच्या बॅगेत मधोमध ठेवून आणायचा, फुटू नये म्हणून. मालकांनी बाटल्या मोज्यातच ठेवल्या. उजेडाने दारूचा रंग उतरतो असं कोणीतरी सांगितलं होतं. कपाट उघडलं की एकेका पायाची अमेरिकन माणसं डोकं खाली करून उभी आहेत असं वाटायचं.

एकटा माणूस वेडा झाला तर त्याला आवरता येतं. दोघे झाले की आवरत नाही. भाच्याबरोबर नोकरीला असलेल्या एका मुलाचे वडील देवळालीला राहायचे. फौजेतून मेजर होऊन निवृत्त झालेले. त्या मुलानेही बापासाठी तसलीच बाटली आणली होती. दोन्ही पोरांनी एकाच जुन्या दुकानातून, एकाच खोक्यातून घेतलेल्या. पिंप एकच, आणि मेजरांच्या बाटलीवर आमच्या बाटलीच्या लगेच पुढचा आकडा. हे समजल्यावर मेजर दर रविवारी स्कूटरवरून आमच्याकडे यायला लागले. ते घरी रोज रम घ्यायचे. आमच्याकडे येऊन चहा प्यायचे आणि दारूवर बोलायचे.

या पिंपाची बाटली दोघांच्या जमवाजमवीत सगळ्यात जुनी. आमच्या धाकटीच्या लग्नाच्या सुमाराला पिंपातून काढलेली. आमच्या बाटलीला मालकांनी काळा मोजा दिला होता. भांडण तिच्यावरूनच.

झालं असं की दारू पिंपात वर्षानुवर्षं पडून असते, तेव्हा लाकडातून थोडी थोडी हवेत उडते. तिकडचे लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा. मालकांना हे लगेच पटलं. म्हणाले, "आमच्यात देवदूत नसतील, पाखरं हायेत. पाखरांचं धरूनच आकडा सांगायचा असतो." पिंपात भरताना किती होती ते माहीत. किती उडाली ते कळलं की किती बाटल्या भरल्या ते निघालं. मेजर पुस्तक घेऊन आले होते. त्यात दर वर्षी किती उडते ते छापलेलं. त्यांच्या हिशेबाने दोनशेच्या पुढे बाटल्या निघायला हव्यात.

मालक म्हणाले, "दोनशेला पोचत नाय."

"दलालसाहेब, किताबमें लिखा है."

"किताब खालच्या मजल्यावर बसून लिहिली आसंल. पिंप वरच्या मजल्याचं हाय. वर पत्रा तापतो. आमच्याकडं बी पश्चिमेच्या बांधाच्या वेली आधी सुकतात."

मी चहा देता देता म्हटलं, "बाटलीत भरताना पाणी घालतात असं भाचा सांगत होता. ते धरलं का? का दूधवाल्यावर सोडलं?"

"वहिनी, धरलंय," मेजर म्हणाले.

"किती?"

"लागेल तेवढं."

"आमचा दूधवाला पण तेवढंच घालतो," मी म्हटलं आणि आत गेले.

शेवटी पैज लागली. भाच्याने तिकडे चौकशी करायची. दोनशेच्या आत निघाल्या तर मेजरांची बाटली आमच्या कपाटात यायची. पुढे गेल्या तर काळा मोजा देवळालीला. मालकांना हसू येत नव्हतं. मेजरांना ही गंमत होती, मालकांना नव्हती.

त्याचं कारण मला एकटीला माहीत होतं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी एका बागेचा अंदाज यांचा साफ चुकला होता. बागवाला चारचौघांत म्हणाला, "दादा, तुम्ही माझी बाग बघितली का शेजारची?" लोक हसले. हेही हसले, आणि घरी येऊन जेवले नाहीत. तेव्हापासून मी लक्ष ठेवलं. चहा बशीच्या बाहेर ओतायचे. पेपर वाचायचं सोडलं, म्हणे बातम्यांत आता राम राहिला नाही. संध्याकाळी अंगणात आलेल्या माणसाला आवाज ऐकेपर्यंत "या, बसा" म्हणायचे नाहीत. मी म्हटलं, "मोतीबिंदू झालाय. चला दाखवायला." तर माझ्यावर ओरडले. दलालाचे डोळे गेले हे बाजारात कळलं तर उद्यापासून कोणी बांधावर उभं करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. म्हणून मीही बाहेर बोलले नाही. पण ते पिंप त्यांच्यासाठी पिंप नव्हतं. न बघितलेल्या बागेचा आकडा बरोबर आला असता तर नजर शाबूत आहे अशी त्यांची स्वतःची समजूत पटली असती.

ऑक्टोबरची छाटणी आली. आमची वडिलोपार्जित बाग धाकटा दीर बघतो. छाटणीला हरसूलकडची टोळी येते. टोळीची मुकादमीण नवऱ्यामागे टोळी चालवणारी, जाडजूड बाई, बोलायला खडी. आमच्या बागेच्या कोपऱ्यात म्हसोबा आहे. कात्री लावायच्या आधी म्हसोबाला कोंबडा आणि बाटली. बाटलीची अट अशी की ती सीलबंद हवी. उष्टी चालत नाही, सुटी चालत नाही. देव काही प्यायला बसत नाही, चार धारा अंगावर घेतो आणि बाकी टोळीला देतो. पण पहिलं बूच त्याच्यासमोर निघायला हवं.

दीर कोंबडा घेऊन आला आणि बाटली विसरला. त्या दिवशी दोन ऑक्टोबर. ड्राय डे. सगळी दुकानं बंद. दीर ओळखीच्या ढाब्यावर जाऊन आला, तिथेही फोडलेली होती, सीलबंद नव्हती.

मुकादमीण बांधावर बसून राहिली. "आमी कातर लावनार नाय."

"अगं, उद्या दोन देतो म्हसोबाला," दीर म्हणाला.

"मंग कातर बी उद्या लावू. आजची हजेरी तेवढी द्या."

दीर धापा टाकत घरी आला. "दादा, काय करू? टोळी गेली तर पुन्हा मिळत नाय. समद्यांची छाटणी एकदमच हाय."

मालक ओसरीवर बसले होते. गेल्या काही महिन्यांत त्यांच्याकडे कोणी काही मागायला आलं नव्हतं. एकदम राजासारखे उठले. "त्यात काय. माझ्यातली घेऊन जा."

दीर माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघत राहिले.

"ती विमानतळावरची हाय ना," मालक म्हणाले. "मेजरांच्या पोरानं दिलेली. पाच बागांचा माल. म्हसोबाला चालंल." ती बाटली तपकिरी मोज्यात असायची. कपाटाला हात लावायची मुभा दुसऱ्या कोणाला नव्हती. स्वतःच आत गेले. मी म्हटलं, "दिवा लावते, थांबा." म्हणाले, "माझ्या बाटल्या मला अंधारात वळखू येतात." मी दिवा शोधेपर्यंत मोजा घेऊन बाहेर आले आणि दिराच्या हातात दिला. दीर सायकलवर टांग टाकून गेला. दिराला इंग्रजी वाचता येत नाही. त्याला काय, सील आहे ना, झालं.

म्हसोबाला धार पडली. कात्र्या चालल्या. संध्याकाळी दीर रिकामा मोजा परत द्यायला आला. वस्तू परत करायची त्याला चांगली सवय आहे.

"कशी होती?" मी विचारलं.

"लय कौतुक नाय, वहिनी. गोडसर. मुकादमीण म्हनली, खोकल्याच्या औषधावानी लागती. पन म्हसोबानं घेतली. कोंबडा बी मऊ शिजला."

मी मोजा हातात घेतला. ओसरीवर उजेड होता. मी तो मालकांच्या पुढे धरला.

"हा मोजा कुठला?"

"तपकिरी."

"नीट बघा."

त्यांनी हातात घेतला. डोळ्याजवळ नेला. मग उठून अंगणात गेले, मावळतीकडे तोंड करून मोजा वर धरला, जसा घड धरतात तसा. बराच वेळ धरला. दिराला अजून काही उमगलं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, भोक नाय पडलं त्याला, मी बघून आनला."

"काळा आहे," मी म्हटलं.

मालक आत गेले. कपाटाशी जाऊन तपकिरी मोजा बाहेर काढला, दोन्ही मांडीवर ठेवले आणि हाताने चाचपत बसले. त्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी म्हटलं, "आता तरी चला दाखवायला. नाही तर पुढच्या वर्षी मलाच म्हसोबाला द्याल."

"म्हसोबा परत करील तुला," ते म्हणाले. एवढं बोलले म्हणजे माणूस शुद्धीवर होता.

दिराला समजल्यावर तो रडवेला झाला. रिकामी बाटली तरी आणतो म्हणून शेतात पळाला, पण ती मुकादमीण तेलाला घेऊन गेली होती. टोळी तोवर दुसऱ्या बागेत. मग दोघा भावांनी ठरवलं. मेजरांना सांगायचं की दिराने न विचारता उचलली. दीर म्हणाला, "मला काय, दादा. मला गावात आधीच कोनी शाना म्हनत नाय. तुमच्या डोळ्याचं बाहेर जायला नको." मालकांनी मान हलवली. मला हे आवडलं नाही. पण दोघांची खुशी होती.

दिवाळीला भाचा आला. पाडव्याच्या दिवशी मेजर पिशवीत आपली बाटली घालून आले, हार-जीत जागेवर करायला. फराळाला गावातले दोन बागाईतदारही बसले होते. त्यातला एक तोच, ज्याची बाग चुकली होती. मी चिवडा वाढत होते.

भाच्याने सांगितलं की कारखान्यातून काही उत्तर मिळालं नाही, इतकं जुनं कोणाला आठवत नाही. पण एका दुकानात त्याच पिंपाची आणखी एक बाटली त्याने डोळ्यांनी बघितली. तिच्यावर आकडा एकशे त्र्याऐंशी.

"म्हंजे दोनशेच्या आत," मालक म्हणाले.

"म्हणजे निदान एवढ्या तरी निघाल्या," मेजर म्हणाले. "पुढच्या कुठेतरी असतील. मी जिंकलो नाही, तुम्हीही नाही. दोन्ही बाटल्या मेजवर ठेवा, भाचेसाहेब आणखी शोधतील. आणा तुमची."

 दीर पाट सरकवून उठला. पाठ केलेलं धडाधडा बोलला. मी नेली, न विचारता नेली, म्हसोबाला दिली, टोळी प्याली.

मेजरांचा चेहरा लाल झाला. फौजी माणूस, तोंड सुटलं. "भावाच्या कपाटातून चोरी करतोस? पुढच्या वर्षी बायकोच्या पेटीतलंही उचल. म्हसोबाच्या नावाखाली स्वतः ढोसली असशील. फौजेत तुला झाडाला बांधला असता." बागाईतदार हसायला लागले. एकजण म्हणाला, "तरीच म्हटलं, छाटणीला एवढा आनंदात कसा." दीर खाली मान घालून उभा. हातात अर्धी करंजी तशीच. पन्नाशीचा माणूस, सुना-जावयांसमोर.

मालक म्हणाले, "मेजर, बस करा. मीच दिली त्याला. माझ्या हातानं."

"तुम्ही? ती बाटली?"

"काळा मोजा का तपकिरी, ते दिसलं नाय." मग त्या बागाईतदाराकडे तोंड केलं, जिकडे तो बसला असेल असं त्यांना वाटलं तिकडे. थोडं चुकलंच, ते भिंतीशी बोलले. "तुमची बाग बी मला दिसली नव्हती. शेजारची नव्हती बघितली. कुठलीच नव्हती बघितली."

कोणी हसलं नाही. मी दिराच्या ताटात एक लाडू ठेवला.

मेजरांनी आपली बाटली पिशवीतून अर्धी बाहेर काढली होती. ती परत आत सरकवली. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलतील आणि माझी चिडचिड होईल. तसं झालं नाही. म्हणाले, "म्हणजे नाशिक जिल्ह्यात या पिंपाची एकच उरली आता. माझी. तुमच्या म्हसोबाने मला मालामाल केलं, दलालसाहेब." आणि दिराला म्हणाले, "बस खाली. करंजी खा. माफ कर."

"पुढच्या छाटणीला या," मालक म्हणाले. "ती बी घेऊन या. म्हसोबाला चव लागलीय."

मग सगळे हसले, आणि मग मेजर सांगायला लागले की त्यांच्या मेहुण्याचा मोतीबिंदू कोणी काढला आणि तो आता सुईत दोरा कसा ओवतो. आठवड्याभरात ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर मालकांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, मग मला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "आकडा वाढलाय."

"तुमच्या घरचं खाऊन," मी म्हटलं.

आता ज्याची भीती होती ते झालंच. पाडव्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर आणि दुसऱ्या दिवशी बाजारात. डोळा नवा झाला तरी द्राक्षाचा हंगाम लागला तेव्हा एकही व्यापारी आला नाही. यांनी चष्मा पुसायचा, टोपी घालायची, ओसरीवर बसायचं, दुपारी टोपी काढायची. कोणी रस्त्याने गेलं की विचारायचं, "दादा, म्हसोबा बरा हाय का?" हे म्हणायचे, "बरा हाय. तुमची आठवन काढतो." मी आतून ऐकायचे. बाटल्यांच्या कपाटाला मात्र हात लावला नाही त्या महिन्यांत. रविवारी मेजर आले की पिकांवर बोलायचे.

हंगाम अर्धा संपल्यावर तोच बागाईतदार आला, ज्याची बाग चुकली होती. आत आला नाही. फटफटीवर बसूनच म्हणाला, "दादा, व्यापारी म्हणतो एवढा माल नाय निघनार. मी म्हनतो निघंल. चला जरा."

"मला कशाला? मी कुठली बी बाग बघत नाय, मीच म्हनलो ना."

"म्हनूनच आलो. बाकीचे कधी म्हनत नाहीत."

मालक फटफटीवर मागे बसून गेले. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही असं सांगितलं होतं. मी ओरडून सांगितलं, पण फटफटीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. दुपारी परत आले, हातपाय धुतले, जेवले. आकडा किती सांगितला ते मी विचारलं नाही. 

माल निघाला त्या दिवशी दीर काट्यावर गेला होता, कोणी न सांगता. तिथून आला तो हसत. मालक दाढी करत होते. दीर आकडा सांगायला तोंड उघडणार तोच यांनी साबणाचा हात वर करून त्याला थांबवलं.

"चुकला का?"

"चुकला. थोडा."

"किती थोडा?"

"पूर्वी चुकायचा तेवढाच," दीर म्हणाला. "आन् व्यापारी विचारत होता, सोमवारी आडगावला एक बाग हाय, दादा येतील का?"

मालकांनी आरशात बघून गालावरचा राहिलेला साबण काढला. "बघू," म्हणाले. सोमवारी उजाडायच्या आत टोपी घालून ओसरीवर बसले होते, आणि मला म्हणत होते की चहा लवकर टाक, लोकांना वाट बघायला लावू नये.